छतावर सौर वीज: बिल वाचण्यापासून अनुदान खात्यात येईपर्यंत

सोलर बसवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिला फोन विक्रेत्याला जातो. तो येतो, गच्चीवर एक नजर टाकतो आणि 'तीन किलोवॅट बसेल, बिल झिरो' असं सांगून कोटेशन देऊन जातो. माझं सांगणं असं की विक्रेत्याला सर्वात शेवटी बोलवा. त्याआधी स्वतःचं वीजबिल नीट वाचा, गच्चीवरची सावली मोजा आणि सरकारी योजना नेमकं काय देते ते समजून घ्या. ही तीन कामं कुणालाही जमतात आणि त्यांना पैसा लागत नाही. ती झाली की विक्रेत्यासमोर बसून त्याला नेमके प्रश्न विचारता येतात.

हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या, स्वतःचं छत असलेल्या कुटुंबांसाठी आहे. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी पुढे थोडं वेगळं लिहिलं आहे.

आधी बिल

मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. कागद हरवले असतील तर महावितरणच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून ती मिळतात. एका वहीत महिनावार युनिट लिहून काढा. एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी यांतला फरक लगेच डोळ्यांत भरेल. बारा महिन्यांची बेरीज करून सरासरी काढा. पुढचा सगळा हिशेब या एका आकड्यावर चालतो.

आता त्याच बिलावर आणखी तीन गोष्टी बघा. मंजूर भार, म्हणजे एका वेळी वीज घेण्याची परवानगी, किती किलोवॅट आहे? बिल कुणाच्या नावावर आहे? आणि तुमचा वापर कोणत्या टप्प्यात जातो?

टप्प्याचं महत्त्व फार आहे. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. पहिल्या शंभर युनिटच्या तुलनेत पुढच्या टप्प्याचा दर दुपटीच्या आसपास जातो. वर वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि १६ टक्के विद्युत शुल्क लागतं. सौर वीज तुमच्या बिलातली सर्वात वरची, म्हणजे सर्वात महागडी युनिट आधी कापते. म्हणून २५० युनिट वापरणाऱ्या घराला पहिल्या किलोवॅटचा जेवढा फायदा होतो, तेवढा दुसऱ्याचा होत नाही. महिना ८० युनिट वापरणाऱ्या घराने तर पूर्ण किमतीला सोलर घेण्याआधी दोनदा विचार करावा. त्यांच्यासाठी वेगळी योजना आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच.

नावाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अर्ज सर्वात जास्त इथेच अडकतात. गावाकडे अजूनही कितीतरी मीटर आजोबांच्या नावावर आहेत. अर्ज, वीजबिल आणि अनुदान जमा होणारं बँक खातं या तिन्हींवरची नावं जुळायला हवीत. वडील वारले असतील आणि मीटर अजून त्यांच्याच नावावर असेल, तर आधी नावबदलाचा अर्ज करा. सोलरची घाई त्यानंतर.

वापर कमी करणं हाच पहिला किलोवॅट

ही पायरी कोणताही विक्रेता सांगत नाही, म्हणून मी थोडा थांबून सांगतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. घरात पाच पंखे रोज बारा तास चालत असतील तर फक्त पंखे बदलून महिन्याला ८० युनिट वाचतात. तेवढी वीज तयार करायला पाऊण किलोवॅटचे पॅनेल लागतील. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा बचतीचे तारे छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे दुकानात निवड करणं सोपं झालं आहे.

गीझरचंही तसंच. दोन किलोवॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला तीस युनिट जातात. सोलर वॉटर हीटर थेट उन्हाने पाणी तापवतो आणि तो भार बिलातून जवळजवळ निघून जातो. पावसाळ्यातले काही आठवडे तेवढे सोडायचे. गच्चीवर जागा कमी असेल तर कधी कधी आधी वॉटर हीटर आणि नंतर पॅनेल असा क्रम जास्त शहाणपणाचा ठरतो.

किती किलोवॅट?

आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतात, म्हणजे महिन्याला ११० ते १२०. तुमची सरासरी या आकड्याने भागा. महिना २३० युनिट असतील तर दोन किलोवॅट, ३४० असतील तर तीन. जागा किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट धरा. ५४० वॅटचे सहा पॅनेल लावले की सव्वातीन किलोवॅट होतात.

'पुढे एसी घ्यायचाच आहे, मग पाचच लावू' असं म्हणणारे खूप भेटतात. मी या मताचा नाही. याचं कारण नेट मीटरिंगच्या नियमांत आहे.

नेट मीटरिंग म्हणजे काय

दुपारी घरातली माणसं कामावर असतात, पॅनेल मात्र भरात असतात. त्या वेळी तयार झालेली जादा वीज लाइनीवर जाते. संध्याकाळी दिवे-पंखे लागले की तुम्ही लाइनीवरून वीज घेता. मीटर दोन्ही मोजतो: आलेली वेगळी, गेलेली वेगळी. महिनाअखेरीस वजाबाकी होते आणि बिल फक्त फरकाचं येतं. गेलेली युनिट जास्त असतील तर ती पुढच्या महिन्यात जमा धरली जातात. या व्यवस्थेमुळेच छतावरचा सोलर बॅटरीशिवाय परवडतो.

ही सोय कंपनीच्या मर्जीवर नाही, ती कायद्याने आली आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम ८६ नुसार अक्षय ऊर्जेला चालना देणं आणि तिला ग्रिडशी, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी, जोडण्याचे उपाय करणं हे राज्य वीज नियामक आयोगाचं काम आहे. त्याच आधारावर महाराष्ट्र आयोगाने २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने आणले. महावितरण, बेस्ट, टाटा पॉवर, अदानी, तुमची कंपनी कोणतीही असो, आयोगाचे नियम तिला लागू आहेत.

आता कळीची गोष्ट. जमा युनिट पुढे नेण्याची मुदत आर्थिक वर्षापुरती असते. ३१ मार्चला जी शिल्लक उरेल ती कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि हा दर तुम्ही वीज विकत घेता त्यापेक्षा बराच कमी असतो. म्हणजे गरजेपेक्षा मोठा प्रकल्प लावून वीज विकायची आणि कमाई करायची, हा घरगुती ग्राहकाचा धंदा नव्हे. हिशेब वर्षाच्या वापराशी जुळवा, थोडा खालीच ठेवा. आर्थिक वर्ष एप्रिलपासून सुरू होतं हे आपल्या हवामानाला सोयीचं आहे. कडक उन्हाच्या एप्रिल-मे महिन्यांत साठलेली युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येतात.

आणि 'बिल झिरो' बद्दल. स्थिर आकार भरावाच लागतो. वापरापुरती वीज बनली तरी काही रक्कम दर महिन्याला येणारच, हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा.

आणखी एक गैरसमज लवकर दूर व्हायला हवा. लाइट गेली की हा सोलरही बंद पडतो, मग बाहेर कितीही ऊन असो. तो बिघाड नसतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, स्वतःला लाइनीपासून तोडून घेतो. लोडशेडिंगमध्येही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. खर्च बराच वाढतो आणि अनुदान बॅटरीमुळे वाढत नाही.

गच्चीवरची सावली

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, १५ ते २० अंशांच्या कलाने लावतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो सावलीत.

मे महिन्यात गच्चीवर उभे राहा. मेच्या मध्याला मुंबई-पुण्याकडे दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीखालीच लपते. गच्ची मोकळी, लख्ख वाटते. त्याच गच्चीवर २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी गेलात तर पाच फूट उंच टाकीची सावली उत्तरेकडे साडेचार फूट पडलेली दिसेल. साडेतीनच्या पुढे तीच उंचीच्या पावणेदोन पट होते, म्हणजे नऊ फुटांच्या जवळ, आणि ईशान्येकडे सरकते. जिन्याची खोली आठ-नऊ फूट उंच असेल तर पंधरा फुटांवरचा पॅनेलही तिच्या कचाट्यात सापडतो.

पॅनेल एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावरची सावली तेवढ्या कोपऱ्यापुरती राहत नाही. एका पॅनेलचा मोठा भाग बंद पडतो आणि जोडणी चुकीची असेल तर बाकीच्यांवरही परिणाम होतो. म्हणून हिवाळा असेल तर सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावलीच्या कडा आखा. तिन्ही वेळी जी जागा उन्हात राहते ती खरी जागा. उन्हाळ्यात पाहणी करत असाल तर वरचे आकडे वापरून टाकी, कठडा, जिना यांची सावली मोजा. शेजारच्या प्लॉटवर मजला चढण्याची शक्यता आहे का, हेही विचारून ठेवा. टाकी हलवणं शक्य असेल तर उत्तरेच्या कडेला न्या. पॅनेल लागल्यावर हे काम दसपट अवघड होतं.

कोकणात आणि मोकळ्या माळावर राहणाऱ्यांनी सांगाड्याकडे जास्त लक्ष द्यावं. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात घरांवरचे पत्रे कसे उडवले हे तिथल्या माणसांना सांगायला नको. सांगाडा गरम जस्तलेपन केलेल्या लोखंडाचा असावा, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे असावेत. किती वेगाच्या वाऱ्यासाठी तो बांधला आहे हे कोटेशनमध्ये लेखी मागा. गच्चीला भोकं पाडली असतील तर गळतीची जबाबदारी कुणाची, तेही लिहून घ्या.

अनुदान किती आणि कुणाला

२०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं. पुढे २०२२ पर्यंत छतांवर ४० गिगावॅटचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, ते गाठता आलं नाही. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना आली: एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत. अनुदानाचा हिशेब असा:

- १ किलोवॅट: ३०,००० रुपये
- २ किलोवॅट: ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट आणि त्याहून जास्त: ७८,००० रुपये

या आकड्यांमागे साधं गणित आहे. पहिल्या दोन किलोवॅटची आधारभूत किंमत प्रत्येकी ५०,००० धरून त्याच्या ६० टक्के, तिसऱ्याची ४५,००० धरून त्याच्या ४० टक्के. म्हणजे तीन किलोवॅटची धरलेली किंमत १,४५,००० आणि तुमच्या खिशातून ६७,०००. बाजारात कोटेशन यापेक्षा वर जाऊ शकतं, पण किती वर आणि कशासाठी हे विचारायला हा आकडा हाताशी हवा. उदाहरणार्थ, तुमचं बिल वर्षाला वीस हजारांनी कमी होणार असेल तर ६७,००० साडेतीन वर्षांच्या आत वसूल होतात.

अनुदान पॅनेलची क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांपैकी जी कमी असेल तिच्यावर मिळतं. सव्वातीन किलोवॅटचे पॅनेल आणि अडीचचा इन्व्हर्टर अशी जोडी लावली तर पूर्ण ७८,००० मिळणार नाहीत. आणि पॅनेल डीसीआर हवेत, म्हणजे सेलही भारतात बनलेले आणि पॅनेलही. बिगर-डीसीआर स्वस्त पडतात, पण त्यांना अनुदान नाही. 'अनुदानाचं आम्ही बघून घेऊ' म्हणणाऱ्या विक्रेत्याला पॅनेलचे अनुक्रमांक आणि डीसीआर प्रमाणपत्र आधी दाखवायला सांगा.

दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिना शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये स्मार्ट योजना आणली, पूर्ण नाव स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप सौर योजना. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला एका किलोवॅटच्या ५०,००० पैकी केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळतात. स्वतःचे २,५०० भरायचे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना, गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला हे सांगा. ज्यांना ही योजना सर्वात जास्त उपयोगी पडेल त्यांच्यापर्यंत ती अनेकदा पोचतच नाही. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. गाव लहान, घरं साधी, आणि घरांसोबत सार्वजनिक दिवेही सौर विजेवर आले. हे फक्त बंगलेवाल्यांचं काम नव्हे, याचा तो पुरावा.

अर्ज

पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. अर्ज स्वतःच्या मोबाइलवरूनच भरा. विक्रेत्याचा क्रमांक दिलात तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि तुमचा अर्ज कुठे आहे ते तुम्हालाच कळत नाही. दहा किलोवॅटपर्यंत वेगळ्या तांत्रिक तपासणीची गरज नाही, मंजुरी मिळाल्याचं धरलं जातं. मंजूर भार कमी पडत असेल तर तोही वाढवून दिला जातो.

यानंतर पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्यांपैकी किमान तिघांकडून कोटेशन घ्या. नोंदणी नसलेल्याकडून काम करून घेतलं तर अनुदान गेलं. कोटेशनमध्ये पॅनेल आणि इन्व्हर्टरची कंपनी, मॉडेल, वायरची जाडी, सांगाड्याची उंची, अर्थिंगचे खड्डे असं सगळं सुटं लिहिलेलं हवं. अर्थिंगचे तीन खड्डे मागा: पॅनेलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक यांचा प्रत्येकी एक. कराचा आकडाही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. साहित्य आणि काम एकत्र दिलं असेल तर ७० टक्के किमतीवर ५ आणि ३० टक्के किमतीवर १८ असा हिशेब होतो, म्हणजे सरासरी ८.९ टक्के.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. विक्रेत्यावर पाच वर्षं देखभालीचं बंधन आहे, ते करारात आलंच पाहिजे. एकरकमी पैसे नसतील तर तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय दोन लाखांपर्यंतचं कर्ज बँका देतात आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी जोडलेला असल्याने वैयक्तिक कर्जापेक्षा खूप कमी पडतो.

काम झाल्यावर नेट मीटरचा अर्ज, कंपनीची तपासणी, मीटर बदल आणि शेवटी पोर्टलवर कार्यान्वयन अहवाल, म्हणजे प्रकल्प सुरू झाल्याची नोंद. तो दिसला की बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश चढवा. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही.

सोसायटी आणि शेत

गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, जास्तीत जास्त ५०० किलोवॅटपर्यंत. सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तिथे विरोध बहुतेक गच्ची अडण्याच्या भीतीने होतो. सांगाडा आठ फूट उंच घेतला तर खाली पापड-कुरडया वाळवायला आणि कोजागरीला बसायला जागा राहते, हे नकाशासकट दाखवा.

शेतकऱ्यांसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटाने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी ५ टक्के रक्कम भरायची असते. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. वीज उपकेंद्राजवळ पडीक जमीन असेल तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत ती सौर प्रकल्पासाठी भाड्याने देता येते: हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. चांगली पिकाऊ जमीन मात्र यात देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

बसवल्यानंतर

कोरड्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा पॅनेल धुवा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. बोअरचं क्षारयुक्त पाणी सुकलं की काचेवर पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो, तेव्हा शेवटचा हात गोड्या पाण्याचा हवा. साखर कारखान्याजवळ राहणाऱ्यांनी गाळप हंगामात आणि पाचट पेटवण्याच्या दिवसांत जास्त वेळा धुवावं. कबुतरांची घाण तशीच ठेवली तर तेवढाच भाग तापून पॅनेल कायमचं खराब होऊ शकतं.

दर महिन्याच्या एकाच तारखेला मीटरवरची आलेली आणि गेलेली युनिट वहीत लिहा, त्याचा फोटो काढा आणि बिलाशी ताडून पाहा. नेट मीटर लागल्यावरची पहिली दोन-तीन बिलं जास्त काळजीने बघा, कारण गेलेली युनिट बिलात न धरली जाण्याची चूक तेव्हाच होते. तसं झालं तर आधी वीज कंपनीच्या उपविभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे दाद मिळाली नाही तर कंपनीचा ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्याच्याही वर मुंबईत आणि नागपूरला विद्युत लोकपाल. वकील लावायची सक्ती नाही. वहीतले आकडे आणि मीटरचे फोटो सोबत न्या.